भुंग्याच्या हिरड्या

६ जानेवारी, सोमवार

भुंग्याच्या तोंडाला वास येतो हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तो आईचा कुत्रा. आई होती तोवर तिच्याच मांडीवर असायचा, आणि ती गेल्यापासून त्याला कुशीत घेण्याइतकी आमची दोघांची ओळख वाढलेली नाही. काल तो माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता. संध्याकाळी चप्पल पायात घालताना वास आला. म्हणून आज अर्धी रजा टाकून त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी ओठ वर करून आत पाहिलं आणि 'हं' म्हणाले. मला असं 'हं' आवडत नाही. मी दुकानदारांचे वजनकाटे तपासते, पण काट्यात खोट दिसली तर 'हं' म्हणत नाही, काय ते सांगून मोकळी होते. शेवटी त्यांनी सांगितलं: दातांवर किटण, हिरड्या सुजलेल्या, मागच्या दाढा जेमतेम तग धरून आहेत. रोज एकदा हलक्या हाताने दात घासायचे. महिनाभरात हिरड्या सुधारल्या तर बरं, नाहीतर भूल देऊन दाढा काढाव्या लागतील. आणि याच्या हृदयाचे ठोके त्यांना पसंत नाहीत. "म्हातारं आणि एवढंसं कुत्रं," ते म्हणाले. "भूल मी देऊ शकतो. जागं व्हायचं की नाही ते त्याच्यावर."

येताना कोंबडीच्या चवीची पेस्ट, छोटा ब्रश आणि एक माहितीपत्रक आणलं.

घरी ताई मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे घरीच लहानमोठे करून देते, त्यामुळे बाहेरच्या खोलीत कायम चिंध्या असतात. ताई आणि मी गेले तीन महिने बोलत नाही. आईची लोकरीची शाल तिने मला न विचारता कापली आणि भुंग्याच्या टोपलीत गादी म्हणून शिवली. मी म्हणाले, दिसेल त्याला कात्री लावायची सवयच आहे तुला. ती म्हणाली, आणि तू बस मोजत, आई किती ग्रॅमने कमी झाली ते. त्यानंतर अबोला. घर एक, स्वयंपाकघर एक, त्यामुळे जे सांगावंच लागतं ते आम्ही भुंग्याला सांगतो.

मी त्याला टोपलीत ठेवलं आणि म्हणाले, "भुंग्या, रोज दात घासायचे आहेत तुझे. नाहीतर दाढा काढतील, आणि ते तुला झेपणारं नाही."

ताईने मशीन थांबवलं नाही. "ऐकलंस ना रे राजा," ती म्हणाली. "आता तुझी पाळी."

७ जानेवारी

चावला. खोल नाही, पण चावला. मी ब्रश सरळ तोंडात घातला होता. चूक माझीच, माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की आधी काही दिवस फक्त ओठाला हात लावायचा. मी ते रात्री वाचलं होतं आणि तरी घाई केली. का केली? ताई आंघोळीला गेली होती आणि ती बाहेर यायच्या आत मला उरकायचं होतं.

मी जखम धुताना ती बाहेर आलीच. माझ्या बोटाकडे बघून भुंग्याला म्हणाली, "छान केलंस."

१० जानेवारी

पद्धत अशी. आधी गाल कुरवाळायचा. मग ओठ उचलून सोडून द्यायचा. मग बोटावर पेस्ट घेऊन चाटू द्यायची. मग तेच बोट दातांवरून फिरवायचं. ब्रश सगळ्यात शेवटी. मी कामावर जायच्या आधी न्हाणीघरात दार लावून हे करते. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुरगुरतो. आईने त्याचं नाव त्यावरूनच ठेवलं होतं. चाटायला मिळतं तेवढा वेळ गुरगुर बारीक होते, बोट दातांकडे वळलं की पुन्हा मोठी.

आज तो किंचाळला. मी नुसता ओठ उचलला होता, शपथेवर सांगते. बाहेर मशीन एकदम थांबलं. मी दार उघडलं तेव्हा ताई दाराशी उभी होती. तिने त्याला माझ्या हातातून घेतलं आणि ती निघून गेली.

कुत्र्याच्या भल्यासाठी करतेय असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहेच. पण ताईला दाखवायचंय की माझ्या हातून हे होतं, हेही खरं आहे. दोन्हींचं प्रमाण किती, हे तपासायला माझ्याकडे साधन नाही.

१५ जानेवारी

आठवडा वाया. बोटाच्या पुढे काही सरकत नाही. आज मी अर्ध्यातच सोडून दिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "भुंग्या, तुझ्यापुढे हात टेकले." ताईला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण गेलं असणार.

२१ जानेवारी, मंगळवार

यश! मी ब्रश जवळ नेला, तर भुंगा स्वतःहून खाली बसला, डावा गाल माझ्याकडे केला आणि डोळे मिटले. मी ओठ उचलला. गुरगुरला, पण हलला नाही. डाव्या बाजूच्या सगळ्या दाढा घासून झाल्या तसं त्याने तोंड फिरवून उजवा गाल पुढे केला. मी हे त्याला शिकवलं नव्हतं. माहितीपत्रकातही नाही. एवढ्या चिकाटीने केलेली गोष्ट एका टप्प्यावर अशी एकदम जमून येत असावी.

झाल्यावर तो पळाला तो थेट मशीनपाशी, आणि खालच्या खणाकडे बघत बसून राहिला. तिथे काय आहे कोण जाणे. रिळं असतील.

मला दिवसभर बरं वाटत होतं. एका किराणावाल्याचा काटा पाव किलोमागे थोडा जास्तच उदार निघाला. म्हणजे तो इतके दिवस स्वतःचंच नुकसान करत होता. मी ते त्याला हसत सांगितलं. एरवी मी हसत नाही.

२४ जानेवारी

पेस्टची नळी अर्धी झाली आहे. मी वाटाण्याएवढी घेते, अशी महिनाभर पुरायला हवी. घरात माझ्याशिवाय पेस्टला हात लावणारं एकच माणूस आहे. ते ती कशाला पिळून टाकत असेल, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मला दुसरं कारण सापडलं नाही. तिला माझं जमलेलं बघवत नाही.

नळी माझ्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

३० जानेवारी

कचऱ्याच्या डब्यात चिंध्या, त्यांवर गुलाबी डाग. ताईच्या बोटात सुई गेली असावी. हल्ली तिला जवळचं कमी दिसतं, चष्मा लावायचा नाही हा हट्ट. क्षणभर वाटलं विचारावं. मग तिनेच भुंग्याला ऐकवलं, की घरात काही माणसं कचराही तपासतात. मी डबा खाली ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

ब्रशवर रक्त आलं. माहितीपत्रकात म्हटलंय की सुजलेल्या हिरड्यांतून सुरुवातीला थोडं रक्त येतं, म्हणून घासणं थांबवू नये. मी थांबवलं नाही. उलट आज प्रत्येक दाढेला जास्त वेळ दिला.

दुपारी भुंगा पाण्याच्या भांड्यापाशी उभा राहिला आणि न पिता परत गेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी पुन्हा 'हं' केलं. किटण गेलंय, पण हिरड्या सोलल्यासारख्या झाल्यात. म्हणाले, कुणीतरी फार जोरात घासतंय. मी म्हणाले, मीच घासते, घरात दुसरं कुणी घासत नाही, आणि मी जोरात घासत नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची आहे. दुकानदार 'काटा बरोबर आहे हो मॅडम' म्हणतात तेव्हा मी तशीच बघते.

म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरातला काटा काढला, त्यावर भिजवलेला स्पंज ठेवला आणि रोज घासते तसा ब्रश फिरवला. पुन्हा पुन्हा केलं, डोळे मिटूनही केलं, आकडा बघून हात आपोआप हलका होऊ नये म्हणून. दाब कागदावरचं खोडायला लागतो त्याहूनही कमी. माझा हात निर्दोष आहे.

ताई चहा घ्यायला आत आली. मी डोळे मिटून स्पंजाचे दात घासत होते. कप घेऊन जाताना तिचे खांदे हलत होते.

मग हिरड्या कशाने सोलल्या? ती त्याला हाडं देत असणार. किंवा लाकडी रिळं चघळायला. खालच्या खणाकडे तो उगाच बघत नाही.

८ फेब्रुवारी

आज मी भुंग्याला सांगितलं की जे कुणी त्याला कडक काही चघळायला देतं त्याला त्याची काळजी नाही, स्वतःचे लाड पुरवायचे असतात.

ताईने दातांनी दोरा तोडला. "भुंग्या," ती म्हणाली, "तुझ्या तोंडातून रक्त येतं ते कुणामुळे, ते तुला माहीत आहे. रोज सकाळी दार लावून तुला कोण रडवतं ते अख्ख्या मजल्याला माहीत आहे."

मी म्हणाले, भुंग्या, तू आता रडत नाहीस, उलट गाल पुढे करतोस, हे त्यांना माहीत नसेल.

यावर ती हसली. काय हसण्यासारखं होतं ते मला कळलं नाही, आणि ते हसू मला दिवसभर टोचत राहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं तसं लिहिते.

बाजारातली तपासणी लवकर संपली म्हणून दुपारीच घरी आले. दार लोटलेलं होतं. ताई खिडकीपाशी बसली होती, मांडीवर भुंगा, तिच्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली. तिने ओठ उचलला आणि कोरड्या चिंधीने त्याच्या दाढा पुसायला लागली. भुंगा डोळे मिटून होता. डावी बाजू झाली, त्याने उजवा गाल दिला. तिने पुसलं, मशीनचा खालचा खण उघडला आणि त्याला गाजराचा तुकडा दिला.

चार महिन्यांत मी तिच्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. "हे तू कधीपासून करतेस?"

"तू हात टेकलेस त्या दिवसापासून. कुणीतरी करायला नको?"

"मी रोज करतेय."

"तू घासतेस?" तिने चिंधी सोडवली. त्यावर रक्त होतं. "मला वाटलं तू नुसती त्याला छळतेस."

मी म्हणाले, पेस्टशिवाय कोरड्या कापडाने घासतात का कुणी, हिरड्या सोलून निघाल्या त्याच्या. ती म्हणाली, पेस्ट कुणी कुलपात ठेवली? मी म्हणाले, तू वाया घालवत होतीस म्हणून. ती म्हणाली, त्याच्या दातांनाच लावत होते, दुसरीकडे कुठे लावणार. मग तिने विचारलं, रक्त दिसल्यावर मी काय केलं. मी सांगितलं, जास्त वेळ घासलं. तिनेही तेच केलं होतं. ती घासत नाही म्हणून रक्त येतं असं मला वाटलं आणि मी घासत नाही म्हणून येतं असं तिला.

भुंगा आमच्या दोघींच्या मधे बसून गाजर चावायचा प्रयत्न करत होता. मग त्याने ते तोंडातून खाली टाकलं.

१२ फेब्रुवारी

दोघी गेलो, वेगवेगळ्या रिक्षांनी. भुंगा ताईच्या रिक्षात. डॉक्टरांना सगळं मी सांगितलं, मधे ती दोनदा दुरुस्त करत होती. "एका घरात राहता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

जखमेतून संसर्ग आत गेलाय. औषधं देऊन चार दिवस थांबायचं, पण मागच्या दाढा आता काढाव्याच लागतील.

ताई बाहेर येऊन म्हणाली, मारलंस तू त्याला. मी म्हणाले, आपण. ती म्हणाली, ह्यात मला नकोस घेऊ. मी तिला घेतलं नाही, पण मनातून काढलंही नाही. दोष वाटून घ्यायची माझी घाई न्यायाची आहे की एकटं राहायची भीती, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज झालं.

आम्ही बाहेरच्या बाकांवर, मी भिंतीकडच्या, ती दाराकडच्या. तासाभराने डॉक्टरांनी आत बोलावलं. दाढा निघाल्या होत्या, पण भुंगा जागा होत नव्हता. टेबलावर पडला होता, जीभ एका बाजूला, फडक्यासारखा. डॉक्टर म्हणाले, श्वास आहे, ठोके मंद आहेत, ओळखीचा आवाज कानावर पडू दे. घरात कुणाचं ऐकतो?

"कुणाचंच नाही," ताई म्हणाली. "आईचा होता."

तरी तिने हाक मारली, भुंग्या, राजा, सोन्या. मग मी मारली. माझा आवाज मलाच परका वाटला. गोड बोलायची मला सवय नाही, आणि तो आपलं ऐकत नाही हे दिसत होतं. ताई म्हणाली, तू हाक नको मारूस, तुझ्या हाकेला तो न्हाणीघरच समजेल. मी म्हणाले, तुझ्या चिंधीपेक्षा बरं. ती म्हणाली, आईलाही असंच केलंस. शेवटच्या महिन्यात दर रविवारी काट्यावर उभी करायचीस, तिला उभं राहवत नव्हतं. मी म्हणाले, औषधाची मात्रा वजनावर ठरत होती, मी नसतं केलं तर कुणी केलं असतं? तू तर तिच्या कपड्यांच्या शिवणी आत घेत बसायचीस, चोरून. आपण बारीक होतोय हे तिला कळू नये म्हणून.

"तिला कळलं नाही," ताई म्हणाली. "कपडे शेवटपर्यंत अंगाबरोबर बसत होते. तेवढं तरी मी केलं."

मग मी ते म्हणाले. म्हणायचं नव्हतं. आईने मला बजावलं होतं.

"तिला कळत होतं, ताई. बाही घातली की कळायचं. मला म्हणायची, तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून."

ताईने टेबलाची कड धरली. मला ते परत घ्यावंसं वाटलं, पण बोललेलं परत कुठून घेणार. मग ती ओरडली, दवाखान्यात, सगळ्यांसमोर, की एवढे महिने हे पोटात ठेवून फिरलीस, दगड आहेस तू. मीही आवाज चढवला. म्हणाले, आणि तू ती शाल कापलीस, तिच्या अंगावरची, मला एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला?

टेबलावरून बारीक आवाज आला. आम्ही दोघी थांबलो, तसा तोही थांबला.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कानांत ठोके ऐकायची नळी होती. "चालू ठेवा."

पण भांडायला सांगितल्यावर भांडता येत नाही. ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, तू चष्मा लावत नाहीस. ती म्हणाली, तू भांडी विसळून ठेवत नाहीस. मी म्हणाले, मी हवं तेवढं विसळते, तुझ्या कपाला तळाशी कायम डाग असतो. ती म्हणाली, डोळे मिटून स्पंज घासणाऱ्या बाईने मला डाग दाखवू नयेत. आणि भुंगा गुरगुरला. डोळे मिटलेलेच होते, पण गुरगुर ओळखीची, आमचा आवाज वाढला की टोपलीतून येते तीच.

२५ फेब्रुवारी

भुंगा पातळ खातो. उरलेल्या दातांबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: आणखी दोन आठवडे काही नाही, मग एकच हात, रोज एकदा, मऊ ब्रशने आणि पेस्ट लावून. कोणता हात ते तुम्ही ठरवा.

मी एक दिवसाआड वाटून घ्यायचं सुचवलं. ताई म्हणाली, कुत्रं आहे ते, पाण्याची पाळी नाही. मी दोन दिवस विचार केला. ज्या दिवशी तो माझ्यापुढे गाल फिरवून बसला त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो, आणि ते तिने शिकवलेलं होतं. माझा हात हलका आहे हे मी काट्यावर सिद्ध केलंय. पण तो तिच्या मांडीवर डोळे मिटतो आणि माझ्यापुढे मिटून घेतो, हा फरक मला दिसतो. पेस्ट, ब्रश आणि कपाटाची किल्ली तिच्या मशीनवर ठेवून कामाला गेले. संध्याकाळी किल्ली माझ्या उशीवर होती. म्हणाली, "तुझं कपाट मला काय करायचंय?"

९ मार्च, रविवार

आज ताईने पुन्हा घासायला सुरुवात केली. मी फक्त तपासणीसाठी दारात उभी होते. पुढचे दात ठीक घासले, पण उजवीकडच्या उरलेल्या शेवटच्या दाताला ब्रश लागलाच नाही. मी तसं सांगितलं. तिने चष्मा न लावता तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, लागला. मी म्हणाले, नाही लागला. "तिथून काय दिसतंय तुला?" ती म्हणाली. "ये इकडे, बॅटरी धर."

मी मोबाईलची बॅटरी लावून जमिनीवर बसले. तिने पुन्हा घासलं. तिथे किटण होतं, मी म्हटलं होतं तसंच. ती म्हणाली, उजेड नीट धर, हलवतेस कशाला. मी हलवत नव्हते. माझा हात स्थिर असतो, कामाचा भाग आहे तो. भुंगा हलत असणार.

मग तिने विचारलं, आई आणखी काय काय म्हणायची तिच्या माघारी. मी म्हणाले, पुष्कळ. ती म्हणाली, आज नको, रोज थोडं सांग.

म्हणून उद्यापासून कामावर अर्धा तास उशिरा जाईन असं कळवलंय. तपासणी कुणीतरी करायलाच हवी. अबोला मोडला असं मी लिहिणार नाही. आम्ही बोललो ते फक्त भुंग्याच्या तोंडावर उजेड होता तेवढा वेळ, आणि त्यातलंही अर्धं भांडण होतं.